दोरी आणा, पण आधी ड्रायरची जाळी काढायला शिका

मुलुंडच्या एका ताई मार्चमध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी टोरँटोजवळ जाणार आहेत. त्यांनी विचारलंय की भाड्याच्या घरात कपडे वाळवायचा ड्रायर असतो म्हणे, तो कसा सांभाळायचा, बिघडला तर काय करायचं आणि दोरी-चिमटे बॅगेत टाकू का. प्रश्नाखाली आणखी एक ओळ आहे: "मुलगी सात वर्षांची आहे, शाळेचं कसं असतं? आणि एकटं वाटतं का?"

व्हिसा, विमा, बँक मी सोडून देते. सरकारी संकेतस्थळांवर ते माझ्यापेक्षा बरं लिहिलंय. ड्रायरबद्दल मात्र मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आत्ता मी गिरगावात आईकडे आहे. जुलै चालू आहे. डोक्यावर दोन दांड्या भरून कपडे लटकताहेत, एका परकराची नाडी माझ्या कपाळाला लागतेय. सोमवारी धुतलेले टॉवेल गुरुवारीही सर्द आहेत आणि घरभर तो कुबट वास आहे. आई म्हणते, "तुला काय, तुझ्याकडे मशीन." त्या मशीनवरून मी पहिल्या हिवाळ्यात न्हाणीघरात बसून रडले होते, हे तिला अजून माहीत नाही.

आम्ही २०१५ साली कॅनडात गेलो. तळघरातलं भाड्याचं घर. ड्रायर एका खेपेला तास-दीड तास घ्यायचा आणि तरी जीन्सचे खिसे ओलेच. घरमालकाला फोन केला तर म्हणाला, तुम्ही लोक कपडे फार कोंबता. "तुम्ही लोक" मला आजही ऐकू येतं. शेवटी एका रविवारी नवऱ्याने प्लग काढून मशीन पुढे ओढलं. मागे वर्खासारखी चुण्याचुण्यांची लवचिक नळी होती, तीही दुमडलेली. आत आधीच्या तीन-चार भाडेकरूंचा कापूस उशी भरावी तसा ठासलेला.

तर हे पहिलं. तिथला नेहमीचा ड्रायर गरम दमट हवा नळीने घराबाहेर फेकतो. कपड्यांचे सुटलेले तंतू दारातल्या जाळीवर अडतात, पण सगळे नाही. जाळी प्रत्येक खेपेला साफ करायची, "उद्या करू" नाही. महिन्या-दोन महिन्यांनी जाळीवर पाणी ओतून बघा. साचून राहिलं तर सुगंधी ड्रायर-शीटचा (कपड्यांसोबत आत टाकायच्या वासाच्या कागदाचा) मेणचट थर बसलाय. साबण आणि जुन्या टूथब्रशने घासा, वाळवून परत लावा. मागची नळी चार इंची, कडक धातूची असावी, जमेल तितकी आखूड आणि सरळ. वर्षातून एकदा ती सोडवून साफ करायची. बाहेरच्या भिंतीवरची झडप हवा सुटताना उघडते का ते पाहा, थंडीत ती बर्फाने बुजते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या आणि सगळ्यात मोठं कारण साफसफाई न करणं हेच होतं. म्हणून घरात कोणी नसताना किंवा झोपायच्या वेळी ड्रायर लावू नका. तेलाचे डाग पडलेली स्वयंपाकघरातली फडकी तर त्यात कधीच नकोत. धुतल्यावरही तेल उरतं आणि गरम ढिगात ते आपोआप पेट घेऊ शकतं.

आता बिघाड. ड्रायर फिरतो पण तापत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. विजेच्या ड्रायरला तिथे २४० व्होल्ट लागतात आणि ते १२० च्या दोन वायरींतून येतात. मोटर एकीवर फिरते, हीटरला दोन्ही हव्यात. त्यामुळे एकच बाजू गेली तर मशीन गरगर फिरतं आणि कपडे थंडगार. आधी घरातल्या विजेच्या पेटीतला ड्रायरचा जोड-एमसीबी, म्हणजे जोडखटका, पूर्ण खाली करून परत वर करा. तेवढ्याने भागलं नाही तर बहुधा आतला थर्मल फ्यूज, म्हणजे मशीन फार तापलं की वीज तोडणारा फ्यूज, उडालाय. तो एकदाच कामाचा असतो. स्वस्त आहे, पण उडतो तो नळी तुंबल्यामुळे. नळी तशीच ठेवून नवा घातला की पुन्हा उडणार. आमच्याकडे दोनदा उडाला. मोटर घरघरते पण ड्रम हलत नाही, हाताने मात्र सहज फिरतो, तर पट्टा तुटलाय. कपडे ओले असतानाच मशीन थांबलं तर दारापाशी आत दोन धातूच्या पट्ट्या दिसतील. ओलावा त्याच ओळखतात. त्या व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा. काहीही उघडण्याआधी प्लग काढायचा. गॅसवरचा असेल तर स्वतः हात लावू नका.

घरमालकाला फोन करत बसू नका, लिहून कळवा. घरासोबत दिलेली यंत्रं चालू ठेवणं ओंटारिओत, म्हणजे टोरँटोच्या प्रांतात, त्याची जबाबदारी आहे, २००६ चा भाडेकरू कायदा तसं म्हणतो. हे मला चार वर्षांनी कळलं.

कपडे आटतात का? सुती आटतात, म्हणून कुर्ते आधीच एक माप मोठे घ्या. लेबलवर चौकोनात वर्तुळ असेल तर ड्रायर चालतो. आत एक टिंब म्हणजे मंद आच, फुली म्हणजे नाही. जरीचं, रेशमी आणि इलॅस्टिकचं बाहेरच वाळवा. मिक्सर इथूनच नेऊ, असा विचार असेल तर सोडा, व्होल्टेज जुळत नाही.

शाळेचं लिहायचं नव्हतं, पण विचारलंत. प्रवेशाच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: घरी कोणती भाषा बोलता? मी ऐटीत "मराठी" लिहिलं. माझा मुलगा आठ वर्षांचा, दादरच्या इंग्रजी शाळेत शिकलेला, गोष्टींची पुस्तकं घडाघडा वाचणारा. त्याला उचलून इंग्रजी शिकवायच्या जादा वर्गात बसवलं. रोज एक तास वर्गातून उठून जायचं आणि बाकीची मुलं बघत असायची. मी तीन पत्रं लिहिली, दोनदा भेटले. बाई गोड हसल्या, म्हणाल्या हे त्याच्या भल्यासाठीच आहे. कदाचित असेलही. पण वर्ष संपता संपता पोरगा घरात इंग्रजीत उत्तर द्यायला लागला. धाकटीच्या वेळी त्याच प्रश्नापुढे मी "इंग्रजी" लिहिलं. तिला कोणी उठवलं नाही. मराठी तिला कळते, बोलत नाही. ताई, त्या ओळीवर काय लिहायचं ते मला विचारू नका. मी दोन्ही लिहून पाहिलंय.

एकटं वाटतं का? वाटतं. मंडळाचा गणपती असतो, दिवाळी असते, माणसं मिळतात. पुढे जाऊ.

दोरीचं मात्र सांगते. गिरगावात आमच्या मजल्यावर कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचं बाळ घरी आलं, कोणाकडे सुतक आहे, हे सगळं गॅलरीतल्या दोरीवर दिसायचं. समोरच्या मावशी आमचे कपडे न विचारता आत घ्यायच्या आणि कोणती चड्डी कोणाची तेही त्यांना माहीत. तेव्हा या चोंबडेपणाची चीड यायची. तिथे माझे कपडे अकरा वर्षांत कोणी पाहिलेले नाहीत. बऱ्याच इमारतींत बाल्कनीत वाळत घालायला मनाई असते, तुमच्या करारात ते आधी वाचून घ्या. घरात दोरी बांधली तर हिवाळ्यात खिडकी उघडा किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, नाहीतर काचांवर पाणी साचून कोपऱ्यात बुरशी धरते.

काल रात्री मुलाचा फोन आला, ड्रायर तापत नाही म्हणून. मी पेटी, खटका सगळं मराठीत सांगत होते, तो "ओके, ओके" करत होता. मग म्हणाला, "कापूस काढला मी, आई." त्या कापसाला तिथे लिंट म्हणतात, पण तो शब्द त्याने आमच्या घरात कधीच वापरला नाही. खटका वरखाली केल्यावर ड्रायर तापला.

दोरी आणा, नायलॉनची, दहा मीटर पुरते. चिमटे तिथे मिळतात, पण हलके असतात. जाडे दोन डझन इथूनच घ्या.