वजनाला वीसने नाही, तीनने भागा

४८० किलोचं कास्टिंग (साच्यात ओतलेला धातूचा भाग), खालची बाजू ४०० बाय ६०० मिमी, टेबलावर प्रत्येकी ६० किलो क्षमतेची वीस बॉल ट्रान्सफर युनिटं (वर ठेवलेलं वजन कुठल्याही दिशेला सरकवता यावं म्हणून वाटीत बसवलेले फिरते बॉल). 'एकूण क्षमता १२०० किलो, तरी ढकलायला तिघं लागतात,' असं तुम्ही लिहिलंय. हा हिशोब ओळखीचा आहे. एका पुरवठादाराने आम्हालाही असाच मांडून दिला होता. बॉल फिरायचे थांबल्यावर 'आत वाळू गेली, वॉरंटी नाही' म्हणून मोकळा!

वीस बॉल एकदम वजन घेतच नाहीत. कास्टिंग वाकत नाही, ते तीनांवर टेकतं. चौथा अर्धा मिमी खाली असला तरी रिकामा. म्हणून ४८० भागिले ३, १६० किलो. होइस्टने ठेवताना दणका बसतो, तेव्हा मी २५० किलोचं युनिट घेईन. बॉलच्या मापावर जाऊ नका. तोच २५ मिमीचा बॉल पत्र्याच्या बॉडीत थोडंच वजन झेपवतो, लेथवर भरीव धातूतून कातलेल्या बॉडीत कितीतरी जास्त. बॉल खाली तोंड करून लावणार असाल तर क्षमता वेगळी विचारा.

दोन बॉलमधलं अंतर : लहान बाजू भागिले साडेतीन. तुमचं ११४ येतं, ११० ठेवा. एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवा, नाहीतर सगळे बॉल एकाच रेषेत चरे पाडतात.

आता वाळू. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीशेजारी (ओतकाम कारखान्याशेजारी) टेबल असेल तर हाच खरा शत्रू. मोठा बॉल वाटीतल्या बारीक बॉलवर फिरतो; मध्ये वाळू गेली की तो थांबतो, घासून एका बाजूने चपटा होतो. वाळू अडवणारी फेल्टची (नमद्याची) रिंग आणि खाली कचरा पडायचं भोक असलेलंच युनिट घ्या. त्या भोकाखाली टेबलालाही भोक पाडा, हे बहुतेक जण विसरतात आणि भोक बुजतं. ग्रीस तर भरूच नका, वाळूबरोबर त्याची लॅपिंग पेस्ट, म्हणजे धातू घासून झिजवणारा लेप, होते.

फेटलिंग (ओतल्यानंतरची घासून साफसफाई) नीट नसेल, पार्टिंग लाइनची (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची) धार किंवा रायझरचा (साच्यातल्या जादा धातूच्या खांबाचा) बुंधा राहिला असेल, तर कुठलंही युनिट अडणारच. कास्टिंगखाली मशिन केलेली जाड प्लेट घ्या. मग अंतर प्लेटच्या मापावर काढा. माइल्ड स्टीलवर बॉलचे खड्डे पडतात, कडक प्लेट बरी. सपाट, कडक पृष्ठभागावर वजनाच्या एक-दोन टक्के जोर पुरतो, म्हणजे इथे पाच-दहा किलो. तिघं लागतात म्हणजे तुमचे बॉल फिरत नाहीत, घसरतायत.

टेबल पाहिलेलं नाही, अंतिम आकडे ड्रॉइंगवर ठरवा. नवीन युनिटं बसवायच्या आधी चारही कडांना स्टॉपर लावा आणि लेव्हल तपासा.