आई ज्यू, बाबा हिंदू. पुस्तकात मी स्वतःला काय म्हणू?

प्रिय शा.,

तुझी आई अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, बाबा पुण्याचे हिंदू. लग्न नोंदणी पद्धतीने झालं आणि आईच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं, ते थेट तुझ्या जन्मापर्यंत. आता तू लहानपणावर पुस्तक लिहायला घेतलंस, तर मामा म्हणतात, "आई ज्यू म्हणजे तू ज्यूच, तसं स्पष्ट लिही." आत्या म्हणते, "घरचं चव्हाट्यावर कशाला?" आणि आई गप्प.

मामा धर्माच्या नियमाने बरोबर आहेत. ज्यूंमध्ये मूल आईचं धरतात. पण तू आठवणी लिहिते आहेस, दाखला नाही. असे दाखले मागितले की काय वाटतं, ते त्यांच्या समाजाला चांगलं ठाऊक आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी तिथल्या ज्यू धर्मपीठाने पूर्वज ज्यूच होते ना, याची चौकशी करायचा आदेश काढला होता. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४ साली तो आदेश बदलला.

आणि एक गोष्ट बघ. १८७२च्या जुन्या कायद्याखाली हिंदू-ज्यू जोडप्याला लग्न करायचं तर 'आम्ही हिंदू किंवा ज्यू धर्म मानत नाही' असं लिहून द्यावं लागे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढली. तुझे आईबाबा या नव्या कायद्याखाली, आपापला धर्म ठेवून नवराबायको झाले. जी निवड त्यांना करावी लागली नाही, ती तू पहिल्याच प्रकरणात कशाला करतेस?

तुझ्या पत्रातल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. शुक्रवारी दिवस कलला, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस शब्बाथ सुरू व्हायची वेळ झाली, की बाबांची आई म्हणायची, "सूनबाई, तू जा, दिवा लाव. भाकऱ्या मी टाकते." आणि मटणाच्या दिवशी तुमच्याकडे दह्याची कोशिंबीर नसायची (ज्यूंमध्ये मांस आणि दूध-दही एकत्र खात नाहीत), सगळ्यांकडे असंच असतं, असं तुला दहावीपर्यंत वाटत होतं. अगं, हे लिही! मलिदा या तुमच्या नवस-आभाराच्या विधीच्या ताटातले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेताना आईचा बदलणारा आवाज, सगळं लिही. 'अर्धी ही, अर्धी ती' हे पहिलं पान मात्र काढून टाक. त्यात तू कुठेच दिसत नाहीस.

आत्याच्या परवानगीची गरज नाही. तिच्या मुलांची नावं बदल, पुरे.

आईचं तसं नाही. अबोल्याची ती वर्षं तिची आहेत, तू तेव्हा नव्हतीस. तेवढी पानं छापण्याआधी तिला वाचून दाखव. व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, शेजारी बस. ती नको म्हणाली तर ती पानं गाळ, मनापासून गाळ, आणि तुझ्या जन्मापासून सुरुवात कर. पण ती बोलू लागली, तर लग्नाचं विचारू नकोस. आजोबा पहिल्यांदा दारात आले तेव्हा आधी कोण बोललं, ते विचार.

तुझी,
ताई