ओव्हरऑल ७.५ असूनही गुण कमी का पडतात: कॅनडा पीआर आणि आयईएलटीएस जनरल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आयईएलटीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग ७.५, रीडिंग ८, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७, ओव्हरऑल ७.५. तुम्ही एकटेच अर्जदार, मास्टर्स झालेलं, कॅनडाबाहेरचा पाच वर्षांचा अनुभव. मित्राचं शिक्षण आणि अनुभव तुमच्याइतकाच, त्यालाही ओव्हरऑल ७.५ च (८, ७, ७, ७), तरी एक्सप्रेस एंट्रीत (कॅनडातलं कायमचं वास्तव्य, म्हणजे पीआर, देण्याची गुणांवर चालणारी पद्धत) तो तुमच्यापेक्षा ६३ गुणांनी पुढे. क्लासमध्ये सांगतात की फक्त रायटिंग पुन्हा द्या. हा फरक आला कुठून आणि आता काय करायचं?

सगळ्यात आधी ओव्हरऑल डोक्यातून काढून टाका. एक्सप्रेस एंट्रीत तो आकडा कुणी बघतच नाही. तुमचे चार बँड, म्हणजे चार कौशल्यांचे आकडे, मिळवा, २९ येतात. मित्राचे मिळवा, तेही २९. सरासरी दोघांची ७.२५, ती वर ढकलून ७.५ होते, म्हणून निकालपत्रावर दोघं सारखे दिसता. पण कॅनडा प्रत्येक कौशल्याचा बँड वेगवेगळा घेऊन त्याची सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) पातळी काढतं. सीएलबी ९ ला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. सीएलबी ८ म्हणजे लिसनिंग ७.५ आणि बाकी तिन्हींत ६.५. मित्र चारही ठिकाणी बरोबर ९ वर आहे. तुम्ही रीडिंगमध्ये १० वर, स्पीकिंगमध्ये ९ वर, पण लिसनिंग आणि रायटिंगमध्ये ८ वर अडकलात.

आता गुण बघा. एकट्या अर्जदाराला प्रत्येक कौशल्यामागे सीएलबी ८ ला २३, ९ ला ३१ आणि १० किंवा त्यावर ३४ गुण मिळतात. तुमचे झाले १११, मित्राचे १२४. हा फरक १३ चाच. उरलेले ५० येतात स्किल ट्रान्सफरेबिलिटीतून, आणि खरी मेख तिथेच आहे. मास्टर्स आणि भाषा या जोडीला, तसंच तीन किंवा जास्त वर्षांचा बाहेरचा अनुभव आणि भाषा या जोडीला, चारही कौशल्यं सीएलबी ९ ला पोचली तरच प्रत्येकी ५० मिळतात. एक जरी खाली राहिलं (पण सीएलबी ७ किंवा त्यावर असलं) तरी प्रत्येकी २५ च. रीडिंगमधले जादा मार्क लिसनिंगची भरपाई करत नाहीत. चारांतलं सगळ्यात कमी जे आहे तेच ठरवतं.

म्हणून क्लासचा सल्ला तुमच्या बाबतीत पटत नाही. समजा रायटिंग ७ झालं आणि लिसनिंग ७.५ वरच राहिलं, तर तुमचे वाढतील फक्त ८ गुण. दोन्ही वाढले तर ६६. दुसरं म्हणजे, एकच कौशल्य पुन्हा देण्याची जी वन स्किल रीटेकची सोय आहे, तिचा निकाल कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी चालत नाही. दोन वेगवेगळ्या परीक्षांमधले चांगले चांगले बँड उचलून एकत्रही करता येत नाहीत. चारही कौशल्यं एकाच परीक्षेत, एकाच निकालपत्रावर लागतात. फेरतपासणीचा, म्हणजे एन्क्वायरी ऑन रिझल्ट्सचा, विचारही मनात आला असेल. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत तो अर्ज करता येतो आणि बँड बदलला तर फी परत मिळते. रायटिंग माणूस तपासतो, त्यामुळे तिथे ६.५ चे ७ होण्याला वाव असतो. लिसनिंगची उत्तरं ठरलेल्या उत्तरसूचीशी ताडून बघतात, तिथे फारशी आशा धरू नये. फक्त लिसनिंग गाठलेलं आणि रायटिंग अर्ध्या बँडने हुकलेलं असतं तर मी तुम्हाला फेरतपासणी जरूर करा म्हटलं असतं. आज त्यातून हाती लागले तर ८ च गुण.

तर परीक्षा पुन्हा द्यायची, चारही कौशल्यांची, आणि तयारीचा जोर दोनच ठिकाणी लावायचा.

रायटिंगवर सविस्तर लिहितो, कारण ६.५ वर अडकलेले बहुतेक जण चुकीच्या दिशेने मेहनत करतात. अवघड शब्दांच्या याद्या पाठ होतात, कुठल्याही विषयाला चालतील अशी तयार वाक्यं घोकली जातात. परीक्षकाला ती वाक्यं लगेच ओळखू येतात आणि पाठ केलेल्या भाषेचं श्रेय मिळत नाही. मार्क चार गोष्टींना असतात आणि चारहींचं वजन सारखं: प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलंत का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा, आणि व्याकरण. शिवाय टास्क २ चं (निबंधाचं) वजन टास्क १ च्या (पत्राच्या) दुप्पट आहे. पत्र सुरेख जमलं आणि निबंध घाईत उरकला तर ७ येणं कठीण. २० मिनिटं पत्राला, ४० निबंधाला, हे घड्याळ लावून पाळा.

निबंधात लोक सर्वाधिक कुठे घसरतात ते एका नमुन्यावर दाखवतो. समजा प्रश्न असा आहे: ‘पैशाचे व्यवहार मुलांना शाळेने शिकवावेत असं काहींना वाटतं, तर काहींच्या मते ते काम आईवडिलांचं आहे. दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि तुमचं मत द्या.’ इथे मागितलेल्या गोष्टी तीन आहेत. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या निबंधांत पहिल्या दोन असतात आणि तिसरी अगदी शेवटच्या ओळीत येते: ‘माझ्या मते दोघांनीही शिकवावं.’ हे मत झालं नाही, ही सुटका झाली. मत प्रस्तावनेतच सांगा, उदाहरणार्थ की पाया घरी घातला जावा पण कर्ज आणि व्याजाचं गणित शाळेनेच शिकवावं, कारण ते अनेक पालकांनाच नीट येत नाही. मग पुढच्या प्रत्येक परिच्छेदात ते मत डोकावू द्या. एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचं कारण, आणि त्याला चिकटलेलं एक ठोस उदाहरण. २५० शब्दांच्या खाली जाऊ नका, पण ३५० च्या मागेही धावू नका. लांबी वाढली की चुका वाढतात आणि तपासून बघायला वेळ उरत नाही.

व्याकरणात ७ साठी बिनचूक वाक्यांचं प्रमाण भरपूर असावं लागतं. म्हणजे एकही चूक नको असं नाही, पण वारंवार होणारी तीच ती चूक महागात पडते. आपल्या मराठी माणसांची अशी पहिली चूक आर्टिकलची. मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ गळतात किंवा नको तिथे घुसतात. दुसरी, ‘फॉर टू इयर्स’ हवं तिथे ‘सिन्स टू इयर्स’. तिसरी, नुसतं ‘डिस्कस’ हवं तिथे ‘डिस्कस अबाउट’. चौथी, ‘आय हॅव’ हवं तिथे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. या बोलण्यात खपून जातात, कागदावर डोळ्यांत भरतात. तुमचे जुने निबंध काढा आणि फक्त आर्टिकलसाठी एकदा वाचा, प्रत्येक नामापाशी थांबून. मग फक्त क्रियापदांसाठी पुन्हा वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धा बँड बहुतेकदा इथेच अडकलेला असतो.

पत्राचं थोडक्यात: तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्हींना उत्तर हवं, आणि सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हवा. घरमालकाला हीटर बिघडल्याचं कळवताना सुरुवात औपचारिक आणि शेवट मित्राला लिहिल्यासारखा, असं झालं की मार्क जातात.

आता लिसनिंग. बँड ८ साठी ४० पैकी साधारण ३५ उत्तरं बरोबर लागतात. तुम्ही ७.५ वर आहात, म्हणजे दोन-तीन उत्तरांचाच प्रश्न आहे. ही उत्तरं सहसा शेवटच्या अवघड व्याख्यानात जात नाहीत. ती जातात पहिल्या भागात, जिथे फोनवरचं साधं संभाषण ऐकून फॉर्म भरायचा असतो. बाई म्हणतात, ‘फिफ्टीन्थला ठेवू या… अं, नाही, त्या दिवशी हॉल मिळणार नाही, सेव्हन्टीन्थ चालेल का?’ तुम्ही फिफ्टीन्थ लिहून पुढच्या प्रश्नाकडे गेलेले असता. पहिलं ऐकलेलं उत्तर पेन्सिलीने हलकंच लिहिल्यासारखं कच्चं धरायचं आणि पुढच्या दोन वाक्यांनी ते पक्कं होतंय का ते बघायचं, ही सवय लावून घ्या. अनेकवचनाचा ‘एस’ सुटला तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तर चूक. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना ‘द ग्रीन बॅग’ लिहिलंत तर चूक, ‘ग्रीन बॅग’ बरोबर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नका. संगणकावर परीक्षा देणार असाल तर एक लक्षात ठेवा: कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, संगणकावर तपासायला फक्त २. उत्तर ऐकता ऐकताच नीट टाइप व्हायला हवं.

सरावात ऐकून झाल्यावर नुसता स्कोअर मोजू नका. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा: ऐकूच आलं नाही, ऐकलं पण बदललेलं उत्तर सुटलं, की स्पेलिंग. आठवडाभरात कुठलं कारण वरचढ आहे ते कळेल आणि उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे.

रीडिंग आणि स्पीकिंग चांगलं आहे म्हणून वाऱ्यावर सोडू नका. परीक्षा पूर्ण नव्याने होणार आणि स्पीकिंगमध्ये तुम्ही बरोबर ७ वर आहात, खाली सरकायला जागाच नाही. रीडिंगमध्ये तुमच्याकडे एक बँड शिल्लक आहे, पण जनरलच्या रीडिंगला ७ साठीही ४० पैकी साधारण ३४ लागतात.

आयईएलटीएसऐवजी सेलपिप किंवा पीटीई कोअर या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षांपैकी एखादी द्यावी का, हेही तुम्ही विचारलंत. कॅनडाला तिन्ही चालतात. पीटीई कोअर ३० जानेवारी २०२४ पासून. मात्र पीटीई ॲकॅडेमिक आणि आयईएलटीएस ॲकॅडेमिक एक्सप्रेस एंट्रीला चालत नाहीत, बुकिंग करताना नाव दोनदा वाचा. सेलपिपची पातळी थेट सीएलबीशी जुळते आणि ती सगळी एका बैठकीत संगणकावर होते, बोलणंसुद्धा मायक्रोफोनपुढे. समोर माणूस असला की खुलून बोलणाऱ्यांना ते जड जातं. परीक्षकाच्या नजरेने ज्यांची जीभ अडखळते त्यांना सोपं. तुमचा स्पीकिंगचा ७ समोरासमोर आलेला आहे आणि आयईएलटीएसचा साचा तुम्हाला पाठ आहे. दोन ठिकाणी अर्धा-अर्धा बँड हवा असताना मी परीक्षा बदलणार नाही. तरीही मन वळत असेल तर आधी दोन्हींचे मोफत नमुना पेपर वेळ लावून सोडवा, दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

तारखेचं गणित: निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो, आणि प्रोफाइल भरताना तसंच पीआरचा अर्ज करताना, दोन्ही दिवशी तो ग्राह्य असावा लागतो. दुसरीकडे वय थांबत नाही. एकट्या अर्जदाराला २० ते २९ वयाला ११० गुण असतात, ३० ला १०५, ३१ ला ९९, आणि तसे ते उतरत जातात. मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे जादा गुणही काढून टाकले आहेत, त्यामुळे आपल्या हातात राहणारी सगळ्यात मोठी गोष्ट भाषाच आहे.

दुसऱ्या देशाच्या तयारीत असलेल्यांनी माझे वरचे आकडे उचलू नयेत. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत इंग्रजीच्या प्रोफिशियंट पातळीला १० आणि त्यावरच्या सुपीरियरला २० गुण आहेत, आणि तिथेही चारही कौशल्यं त्या पातळीला हवीत. न्यूझीलंडच्या स्किल्ड मायग्रंट व्हिसाला मात्र ओव्हरऑल ६.५ बघतात. ब्रिटनच्या वर्क व्हिसासाठी साधी आयईएलटीएस चालत नाही, ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ लागते.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आधी वेळ लावून दोन पूर्ण सराव परीक्षा, मग तारीख. लिसनिंग दोन्हींत ३५ किंवा त्यावर आलं नाही तर बुकिंग थांबवा. रायटिंगचं स्वतःचं स्वतःला कळत नाही, म्हणून टास्क २ ची तुमची दोन उत्तरं मला पाठवा, क्लासमधली ठेवणीतली वाक्यं न वापरता लिहिलेली. आर्टिकल आणि प्रश्नाचे सुटलेले भाग यांवर खुणा करून परत देतो.