फोनला हात कसा दिसतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तळहात दाखवला की माझा फोन सेल्फी काढतो. त्याला हात कळतो कसा?

प्रत्येक कंपनीची आतली रीत उघड नसते, म्हणून गूगलने 2019 मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘मीडियापाइप’ या सॉफ्टवेअरचं सांगतो. ते चित्रात आधी हात नव्हे, तळवा शोधतं. बोटं वाकतात, मिटतात, एकमेकांआड लपतात. तळव्याचा आकार त्या मानाने स्थिर, म्हणून तो हुडकणं सोपं. मग तेवढाच तुकडा कापून त्यावर 21 बिंदू बसवले जातात : मनगटाचा एक, प्रत्येक बोटाचे चार. कोणतं बोट ताठ, कोणतं मिटलेलं, हे त्या बिंदूंच्या जागांवरून निघतं. खरी हुशारी पुढेच आहे. हात एकदा सापडला की प्रत्येक फ्रेममध्ये सगळं चित्र धुंडाळत नाहीत; आधीच्या बिंदूंवरून हात आता कुठे असेल ते ताडतात. निसटला तरच नव्याने शोध. या काटकसरीमुळेच हे फोनवरच, इंटरनेटशिवाय चालतं.

प्रश्न : 2013 च्या गॅलेक्सी एस 4 वरही हात हलवून फोटो सरकायचे. तेच ना हे?

नाही. तिथे इन्फ्रारेड सेन्सर होता. हात कुठून कुठे गेला तेवढं कळे, बोटं किती ते नाही. 2019 च्या पिक्सेल 4 मध्ये तर चक्क रडार होतं, 60 गिगाहर्ट्झचं. त्या लहरींना आपल्याकडे परवानगी नव्हती, म्हणून तो फोन भारतात आलाच नाही.

प्रश्न : कणीक मळताना इशाऱ्याने फोन घेता येईल का?

काही फोनमध्ये सोय असते, पण त्यासाठी कॅमेरा जागा ठेवावा लागतो आणि बॅटरी खर्च होते. स्वयंपाकघरात आवाजी आज्ञा बरी. लांबून सेल्फी काढण्यापलीकडे इशाऱ्यांचा रोजचा उपयोग मला तरी थोडाच वाटतो.

प्रश्न : मुलाला ऐकू येत नाही. त्याची सांकेतिक भाषा फोन वाचेल?

सुटी अक्षरं आणि आकडे बऱ्यापैकी वाचतो, संभाषण नाही. अमेरिकन मुळाक्षरं एका हाताची; आपल्याकडे बरीचशी दोन हातांनी करतात, आणि एक हात दुसऱ्याला झाकतो तिथे बिंदू चुकतात. तेव्हा परदेशी ॲपवर पैसे घालवू नका. शिवाय विधान की प्रश्न, हे भुवया आणि चेहरा सांगतात. नुसत्या हाताच्या बिंदूंत ते कुठून येणार? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 10,000 शब्दांचा कोश केला आहे, त्याचे व्हिडिओ ऑनलाइन मिळतात. घरातल्या सगळ्यांनी तिथून सुरुवात करावी.