साडेचार वर्षांच्या मुलीला आकारांची नावं पाठ आहेत पण गट करता येत नाहीत, घरी कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार्टवरचे सगळे आकार धडाधड सांगते, पण चौरस जरा तिरपा ठेवला की "हा डायमंड" म्हणते, आणि शाळेतून सांगितलं की तिला वर्गीकरण जमत नाही. पहिले तर घाबरू नका. मी नागपुरात बालवाडीला शिकवते, बारा वर्षं झाली, आणि अशी लेकरं दरवर्षी येतातच.

तिनं आकार चेहऱ्यासारखा पाठ केलाय, बस एवढंच झालंय. आपण मावशीला ओळखतो तेव्हा तिचं नाक काही मोजत नाही ना, तसं. व्हॅन हिले नावाचं एक डच जोडपं होतं, दोघंही शिक्षक, १९५७ साली दोघांनी भूमिती शिकण्यावरच आपापले प्रबंध दिले. त्यांचं म्हणणं असं की मूल आधी आकार अख्खाच्या अख्खा बघतं, दारासारखा दिसतो म्हणून आयत, आणि नंतर कधीतरी त्याचे गुण बघायला लागतं, बाजू किती, कोपरे किती, बाजू सारख्या आहेत की लहानमोठ्या. आणि ही पायरी नुसतं वय वाढलं म्हणून चढली जात नाही, लेकराला हाताळायला आणि बोलायला काय मिळालं त्यावर ते असतं. म्हणून मी म्हणते की नाव विचारणं थोडे दिवस बंदच करा, आणि "तुला कसं कळलं?" एवढंच विचारत जा.

मी स्वतः सुरुवातीची दोन-तीन वर्षं चुकीचं शिकवलं. माझ्या चार्टवर त्रिकोण एकच, खाली आडवी रेघ, वर टोक, तिन्ही बाजू सारख्या. एक दिवस लांबुडका निमुळता त्रिकोण कापून दाखवला तर एक पोट्टा म्हणाला, "हा त्रिकोण नाही मॅडम, हा काटा आहे." तेव्हा लक्षात आलं की मीच त्याला एकच त्रिकोण दाखवला होता, तो बिचारा काय करणार. तेव्हापासून मी वाकडे, उलटे, लांब, बारके सगळे त्रिकोण ठेवते आणि सोबत फसवे पण ठेवते. टरबुजाची फोड हातात द्या आणि विचारा हा त्रिकोण आहे का. कोपरे तीन आहेत, पण एक कड वाकलेली आहे. त्यावर लेकरं जे भांडतात ना, त्यातच खरं शिकणं होते.

तिरप्या चौरसासाठी पतंग घ्या. आपल्याकडे संक्रांतीला घराघरात असतोच. पतंग म्हणजे साधारण चौरसच, फक्त कोपऱ्यावर उभा. तिच्या हातातच द्या, तिलाच फिरवू द्या, आणि फिरवताना विचारा, आता बाजू बदलल्या का? कोपरा कमी झाला का? पण शंकरपाळ्यासोबत जपून, काही शंकरपाळे खरंच चौरस निघतात आणि काहींचे दोन कोपरे टोकदार अन् दोन पसरट असतात. पोस्टकार्डाचा कोपरा लावून बघायला सांगा, बरोबर बसला तर चौरसाचा कोपरा. हे माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चालते.

आपल्या भाषेचा एक मोठा फायदा आहे आणि एक गोची पण आहे. फायदा असा की त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन ही नावंच कोन मोजून ठेवलेली आहेत, तिला बोट ठेवून मोजू द्या, नाव आपोआप कळते. गोची अशी की घरी आपण चौरसालाच चौकोन म्हणतो, आणि बांगडी पण गोल अन् चेंडू पण गोल. म्हणून बांगडी कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवा, ते वर्तुळ, आणि चेंडू कुठूनही घरंगळतो, तो गोल. दीक्षाभूमीला गेलात तर घुमट दाखवा, माझ्या वर्गातली एक मुलगी आपणहून म्हणाली होती "अर्धा चेंडू".

आता गटांचं. झोल्टान डीन्स नावाचे गणितज्ञ होते, त्यांच्या नावाचे ठोकळे मिळतात, पाच आकार, तीन रंग, दोन साइझ, दोन जाड्या, असे साठ. विकत घ्यायची काही गरज नाही. जुन्या लग्नपत्रिका घ्या, चार आकार, दोन रंग, लहान अन् मोठा, झाले सोळा तुकडे. आधी काहीच न सांगता "सोबतीचे सोबत ठेव" म्हणा. ती लालने सुरू करेल आणि मध्येच त्रिकोण जमवायला लागेल, या वयात नियम असा मध्येच सुटतोच, रागवू नका, फक्त "हा इथं का ठेवला?" विचारा. रंगावरून गट केले तर तेही बरोबरच आहे, "छान, आता दुसऱ्या कोणत्या रीतीनं करता येतील?" म्हणा. मग आगगाडी खेळा, पुढचा डबा मागच्यापेक्षा एकाच गोष्टीत वेगळा पाहिजे. मोठ्या लाल चौरसामागे लहान लाल चौरस चालेल, लहान निळा चालणार नाही. हे मोठ्यांनाही सोपं नाही, करून बघा. आणि कापडी पिशवीत तुकडे टाकून न बघता हातानं ओळखायला सांगा, तिथं रंग कामी येतच नाही, बाजू अन् कोपरेच चाचपावे लागतात.

एक विनंती आहे, "चौरस म्हणजे आयत नाही" असं तिला कधी सांगू नका. चौरस हा आयतच आहे, सगळ्या बाजू सारख्या असलेला. आत्ता समजावत बसू नका, पण "चारही कोपरे पोस्टकार्डासारखे" या डब्यात दोघांना सोबत जाऊ द्या, म्हणजे पाचवी-सहावीत तिला मागचं पुसावं लागणार नाही.

मोबाइल ॲपचं विचारलंय तर मी नाही म्हणेन. कोपरा बोटाला टोचल्याशिवाय तो कोपरा आहे हे साडेचार वर्षांच्या लेकराला कळत नाही. रोज दहा मिनिटं द्या, ती कंटाळली की लगेच उचलून ठेवा.