असील, कडकनाथ अशा जुन्या देशी कोंबड्यांचा इतिहास मुंबईत कुठे शोधायचा?

सुरुवात गॅझेटियरपासून (जिल्ह्यांची माहिती देणारे सरकारी ग्रंथ) करा. ब्रिटिश काळातले जिल्हावार खंड (ठाण्याचा 1882 चा) ऑनलाइन फुकट वाचता येतात. पाळीव जनावरांचा भाग काढा. कोंबडीच्या वाट्याला बहुधा एखाददुसरी ओळच येते, सगळं कौतुक बैल-म्हशींचं! पण कोण पाळायचं, काय भावाने विकायचं, असले धागे तिथेच सापडतात.

असीलबद्दल इंग्रजीत बरंच आहे, फक्त स्पेलिंग बदलून बदलून शोधा. एक गफलत टाळा: जुन्या पुस्तकांतली ‘इंडियन गेम’ ही बहुतेकदा आपली कोंबडी नसते. ती इंग्लंडात कॉर्नवॉलला असीलच्या संकरातून तयार झालेली जात. पुढे तिचंच नाव कॉर्निश पडलं आणि आजच्या ब्रॉयलरमध्ये तिचं रक्त आहे. डार्विननेही पाळीव प्राणी-वनस्पतींवरच्या 1868 च्या ग्रंथात कोंबड्यांवर अख्खं प्रकरण लिहिलंय, ते जरूर वाचा.

प्रत्यक्ष जायचं तर फोर्टात एशियाटिक सोसायटीचं वाचनालय आणि बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) दोन्ही एकमेकांपासून चालत्या अंतरावर. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही (1886) विचारा. वाचनालयात प्रवेश मिळेल का, हे आधी फोन करून विचारलेलं बरं.

कडकनाथ मात्र मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. त्याच्यासाठी 2018 च्या जीआय (भौगोलिक) मानांकनाची कागदपत्रं बघा.