फुफ्फुसं खराब झालीच आहेत, मग आता सिगारेट सोडून काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, पंचवीस वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी, आणि परवा फुंकायची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा फुफ्फुसांचा आजार, असल्याचं सांगितलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा २.४ लिटर. ‘गेलेलं परत येत नाही’ असंही ते म्हणाले, आणि तेव्हापासून तुम्हाला वाटतंय की मग सोडून तरी काय मिळणार?

मी छातीच्या दवाखान्यात हीच तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करते. रोज कुणाला तरी ‘जोरात, अजून जोरात, सोडत राहा’ असं सांगत असते. तुमचा प्रश्न मी त्या खोलीत अनेकदा ऐकलाय. त्याआधी घरी ऐकला होता, वडिलांच्या तोंडून. त्यांनीही हाच हिशेब मांडला आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र येईपर्यंत सिगारेट सोडली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टर खरंच बोलले. पण प्रश्न किती गेलं एवढाच नाही, उरलेलं कोणत्या वेगानं जाणार हाही आहे. आणि हा वेग कुणी अंदाजानं सांगितलेला नाही, वर्षानुवर्षं माणसांना फुंकायला लावून मोजलेला आहे.

चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी १९७७ साली लंडनमधल्या कामगारांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. सुमारे आठशे पुरुष, आठ वर्षं, पुन्हा पुन्हा तीच तपासणी. वयाबरोबर ही हवा सगळ्यांचीच थोडी थोडी कमी होते, न ओढणाऱ्यांचीही. ओढणाऱ्यांतल्या काहींची मात्र फार झपाट्यानं उतरत होती. आणि अशा माणसानं सिगारेट सोडली, की गमावलेलं भरून येत नाही, पण उतरण्याचा वेग न ओढणाऱ्या माणसाच्या जवळपास येतो.

त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तोवर बऱ्याच जणांचा समज होता की खोकला आणि कफ वाढत जातो आणि त्यातूनच श्वासनलिका अरुंद होतात. या अभ्यासात कफ आणि अडथळा बऱ्याच अंशी वेगवेगळे चालताना दिसले. ‘मला खोकलाच नाही, म्हणजे फुफ्फुसं बरी आहेत’ असं म्हणणारी माणसं म्हणूनच फसतात. बिघाड सुरू होतो तो दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक असलेल्या नळ्यांत. त्या इतक्या संख्येनं असतात की कितीतरी बंद पडल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही. २०११ मध्ये प्रत्यक्ष फुफ्फुसांचे नमुने सूक्ष्म सीटी स्कॅनखाली तपासले गेले, तेव्हा दिसलं की वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती विरण्याआधीच या शेवटच्या बारीक नळ्या अरुंद होऊन नाहीशा झालेल्या असतात. धाप लागते तोवर बराच काळ निघून गेलेला असतो. तुमचं निदान सेहेचाळिसाव्या वर्षी झालंय, ही त्यातल्या त्यात चांगली वेळ आहे.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. अमेरिका आणि कॅनडात ‘लंग हेल्थ स्टडी’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ३५ ते ६० वयाचे, सौम्य ते मध्यम अडथळा असलेले ५,८८७ धूम्रपान करणारे, म्हणजे जवळपास तुमच्यासारखेच लोक. अकरा वर्षांनी पाहिलं तर ओढत राहिलेल्या पुरुषांची हवा दरवर्षी सरासरी ६६ मिलिलिटरनं घटत होती, सोडून टिकलेल्यांची ३० नं. बायकांमध्ये हेच आकडे ५४ आणि २२ होते. तुमच्या २.४ लिटरमधून चोवीस वर्षं ६६ वजा करत गेलात, तर सत्तरीला जेमतेम ०.८ लिटर उरते. इतक्या हवेत अंघोळ करून कपडे घालतानाही मध्ये बसावं लागतं. ३० वजा केलेत तर १.७ च्या आसपास उरते. जिना चढताना थांबाल, पण चढाल. हे सरासरीवरून काढलेलं गणित आहे, तुमची रेघ थोडी इकडे-तिकडे जाईल. मला या दोन आकड्यांमधला फरक वडिलांमुळे नीट माहीत आहे.

त्याच अभ्यासात सोडणाऱ्यांची हवा पहिल्या वर्षी सरासरी किंचित वाढलीसुद्धा. फार नाही, पन्नासेक मिलिलिटर. पण वाढली.

‘बारावरून तीनवर आणतो’ हा मधला मार्ग सुचला असेल, तर त्यावर विसंबू नका. पंचवीस हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्यावर, दिवसाला पाचपेक्षा कमी ओढणाऱ्यांचीही घट न ओढणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. कमी करणं ही सोडण्याच्या वाटेवरची पायरी असेल तर ठीक, मुक्काम नको.

इनहेलर नियमित घ्या. त्यानं धाप कमी होते, आजार एकदम बळावण्याचे प्रसंग कमी होतात, आणि त्या प्रत्येक प्रसंगात फुफ्फुसांचं नुकसान होत असल्यानं ते टाळणं मोलाचं आहे. पण पंप चालू आहे म्हणून सिगारेट चालेल, असं मनात आणू नका. २००८ साली टायोट्रोपियम या इनहेलरमधून घ्यायच्या औषधाचा चार वर्षांचा मोठा अभ्यास जाहीर झाला. लोकांना बरं वाटलं, हवा काहीशी वाढलेली राहिली, पण वर्षागणिक घटण्याचा वेग बदलला नाही.

सगळा दोष सिगारेटचाच असतो असंही नाही. २०१५ मधल्या एका अभ्यासात सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची फुफ्फुसं तरुणपणीच पूर्ण वाढलेली नव्हती, असं दिसलं. चुलीचा धूर, कामावरची धूळ, लहानपणचे आजार, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरता, हेही असतं. तुमचं वय कमी आहे, त्यामुळे त्या प्रथिनाची रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सोडायचं कसं, तर एकट्यानं निर्धाराच्या बळावर लढू नका. लंग हेल्थ स्टडीत निकोटिनचं च्युइंगगम आणि गटातला आधार मिळालेल्यांपैकी २२ टक्के लोक पाच वर्षं सलग सिगारेटपासून दूर राहिले. असा आधार न मिळालेल्यांत हेच प्रमाण ५ टक्के होतं. मदत मिळूनही बरेच जण घसरले, हे त्यातच दिसतं. तुम्ही घसरलात तर पुन्हा सुरुवात करा, आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

एक काम मात्र आजच करा. तपासणीच्या कागदाची प्रत मागून घ्या आणि पंप दिल्यानंतरच्या फुंकण्याचा आकडा त्यात आहे का ते पाहा, कारण निदान त्याच आकड्यावरून पक्कं करतात. तो नसेल तर पुन्हा तपासणी करून घ्या. असेल तर तारखेसकट जपून ठेवा, वर्षभरानं पुन्हा फुंकायला जाल तेव्हा तो सोबत लागेल.